वर बसलंय कोण?

१९९४ साल. मी बावन्न वर्षांचा होतो. त्या साली मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायको गेली, तिलाही नाही. आता तुम्हाला सांगतो. हलकं वाटावं म्हणून नाही. चीड आलीय म्हणून.

चीड पोराची. तो एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला, मी म्हातारपणी त्याच्याकडेच राहतो. परवा टीव्हीवर लढाई दाखवत होते — एक मोठा देश एका लहान देशात घुसलेला. मी म्हटलं, देशादेशांत कायदा असतो ना? पोरगा हसला. "तात्या, कसला कायदा? देशांच्या वर बसलंय कोण? ना फौजदार, ना तुरुंग. ज्याच्यात दम, तो मोडणार." सून आतून म्हणाली, "तात्यांनाच पाठवा की फौजदार म्हणून. घरात तरी शांतता होईल!"

हसले दोघं. मी उठून गॅलरीत गेलो. का? कारण ते वाक्य माझं होतं. वर बसलंय कोण — हे मी म्हणालो होतो, मनात, नामपूरकडच्या आमच्या बंधाऱ्यावर.

आमचं गाव नदीच्या या काठाला, बारकूचं त्या काठाला. मधे एकच बंधारा, त्यातून दोन पाट. पाणी कमी झालं की पाळी लागायची — आज यांचा पाट, उद्या त्यांचा. सरकारचा कागद नाही, शिक्का नाही. कुठलं गाव कुठल्या गावाचं मालक नाही. तरी पणज्यापासून चालत आलेलं. मी आमच्या गावचा पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा आणि राखणारा; बारकू त्यांचा. आणि एक नियम फार जुना — ज्या गावात मयत होईल, त्या गावची पाळी त्या दिवशी दुसऱ्या गावच्या पाटकऱ्याने राखायची. म्हणजे माणसांना निवांत रडता येतं.

कळलं ना, मी कुठे निघालोय?

बारकूची आई गेली. सकाळीच गेली. दुपारी त्यांचं सगळं गाव स्मशानात. पाळी त्यांची, पहाटेपासूनची; राखणीला मी. माझा गहू चिकात होता, दाणा अजून दुधाळ. वाळत नव्हता — आता कशाला खोटं बोलू? अजून एक पाणी मिळालं तर दाणा टपोरा होईल, एवढंच. पलीकडे धूर दिसत होता. मी म्हटलं, वर बसलंय कोण? आणि आमच्या पाटाची फळी उचलली. त्यांचा पाट अर्ध्यावर आला.

गहू भिजला तशी फळी परत टाकली, आणि — हे नीट ऐका — आमच्या ओल्या पाटात कोरडी माती पसरली. हातांनी. गुडघ्यांवर बसून.

बारकू आला, डोकं भादरलेलं. "तात्या, पानी बराबर गयं ना?"

"थेंब इकडचा तिकडे नाही," मी म्हणालो.

सुतक आहे, नाहीतर पायाच पडलो असतो, म्हणाला.

त्यांच्या शेवटच्या शेतांना पाणी पोचलं नाही. गाव बारकूवरच उलटलं — आई जायच्या आधी यानेच पाणी सोयऱ्याच्या शेतात फिरवलं असणार. मला त्यांच्या पारावर बोलावलं. मी सांगितलं, माझ्या राखणीत पाणी पुरं गेलं. बारकूनेही मान हलवली — तात्या म्हणतोय म्हणजे गेलंच असेल! त्याचं काम काढून घेतलं. तो मालेगावला यंत्रमागावर कामाला गेला तो गेलाच.

आता पोराने काहीही म्हणावं, मी हटणार नाही. मला कोण धरणार होतं? कोणी नाही. मग माती का पसरली? जो नियम नाहीच, तो मोडून कोण खोटं बोलतं? टीव्हीवरचा तो मोठा देशसुद्धा शंभर कारणं सांगत होता. कुणाला सांगत होता, वर कोणी नसेल तर? एक माणूस आईला जाळायला जाताना पाणी आपल्या भरवशावर टाकतो आणि पाठ फिरवतो — मला त्या पाठीने बांधलं होतं. चांगलं घट्ट बांधलं होतं. हे मी मोडून बघितलंय, पोराने नाही.

पारावर बारकूचं काम गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा नवा पाटकरी बंधाऱ्यावर आला. "तात्या, आठला नियम काय शे?" इथले नियम काय, त्याने विचारलं. मी त्याला फळीजवळ बसवलं, आणि एकेक करून सगळे सांगितले. मयतीच्या राखणीचाही सांगितला.