मिलिंदचा रकाना

मार्टिनचा फोन आला तेव्हा मी कोपऱ्यावरच्या कंटेनरमध्ये रिकाम्या बाटल्या टाकत होते. शनिवारची दुपार होती. रविवारी बाटल्यांचा आवाज केला की शेजारी लगेच नियम ऐकवतात, म्हणून हे काम मी शनिवारीच उरकते. मार्टिन आमच्या ऑफिसातला, मिलिंदचा डोंगरातला जोडीदार. “मिलिंद हिमलोटात सापडला,” तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : “फुगे उघडले का?” मिलिंद कसा आहे, कुठे आहे, त्याच्या बायकोला, शुभांगीला कळवलं का, यातलं काही मी विचारलं नाही. “हो. दोन्ही उघडले,” मार्टिन म्हणाला. मी चक्क सुटकेचा श्वास सोडला. “मग ठीक आहे ना तो?” पलीकडे मार्टिन रडायला लागला. या गोष्टीला आता सात आठवडे होतील.

माझं काम मोटारींच्या एअरबॅगचं. गाडी आदळल्यावर ती नेमकी कधी उघडावी, हे ठरवणाऱ्या यंत्रणेवर मी उंटरश्लाइसहाइम नावाच्या इथल्या जर्मन गावातल्या एका ऑफिसात गेली अकरा वर्षं काम करते आहे. मिलिंद आमच्या गटात आला तो फुटबॉलच्या विश्वचषकाचा उन्हाळा होता, बाल्कन्यांवर झेंडे लटकत होते. नावावरून मी मराठी आहे हे ओळखून तो थेट माझ्या टेबलाशी आला आणि “जयभीम ताई, चहा कुठं भेटते इथं?” असं त्याने विचारलं. नागपूरचा मुलगा. मुलगा कसला, चौतिशीतला बाप्या होता, पण मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, त्यामुळे तो मला कायम मुलगाच वाटला. त्याच हिवाळ्यात तो स्कीइंग शिकायला गेला. त्याच्या वर्गात सगळी पाच-सहा वर्षांची पोरं. ती सरसर खाली जात आणि हा मधेच फतकल मारून बसे. सोमवारी ऑफिसात लंगडत यायचा आणि कुठे कुठे निळं झालंय ते सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. घरून आई फोनवर विचारायची, “काहून जाते रे बाप्पा त्या बर्फात? इथं उन्हात मरत होता का?” त्यावर हा नुसता हसायचा.

दोन वर्षांत त्याला लिफ्टने वर जाणं आणि आखलेल्या उतारावरून खाली येणं पुरेनासं झालं. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि जिथे कुणी गेलेलं नाही अशा बर्फावरून उतरायचं, हे त्याला मार्टिनने शिकवलं. पाठीवरच्या बॅगेत थर्मास असायचा आणि शुभांगीने फॉइलमध्ये गुंडाळून दिलेली जवसाची चटणी लावलेली पोळी. मार्टिनलाही त्या पोळीची चटक लागली होती.

शुभांगीला मात्र हे अजिबात पसंत नव्हतं. “ताई, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतात ते,” ती मला म्हणायची. मी सांगितलं. पण काय सांगितलं? मी सांगितलं की सामान चांगलं घे. बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा शोध लागावा म्हणून अंगावर बांधायचं ते पीप-पीप करणारं यंत्र, बर्फात खुपसायची लांब काठी, फावडं, हे त्याच्याकडे आधीच होतं. मी वर ती फुग्यांची बॅग घ्यायला लावली. खांद्याच्या पट्ट्यावरची मूठ ओढली की नळकांड्यातला वायू सुटतो, पाठीमागे दोन मोठे नारिंगी फुगे फुगतात आणि माणूस वाहत्या बर्फाच्या वर राहतो. शुभांगीचा विश्वास बसेना. तेव्हा मी तिच्याच ओट्यावरचा तांदळाचा डबा घेतला, त्यात तळाशी एक लिंबू पुरलं आणि डबा गदागदा हलवला. लिंबू आपोआप वर आलं. “बघ, मोठी वस्तू वर येते. फुगे उघडले की मिलिंद म्हणजे हे लिंबू,” मी म्हणाले. ती पहिल्यांदा हसली. मिलिंदने टाळी दिली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर आम्ही इंजिनियर कसले! आमच्या धंद्यात प्रत्येक नव्या वस्तूचा एक तक्ता करतात. काय बिघडू शकतं, का बिघडेल, आणि त्यावर उपाय काय. तसा तक्ता आम्ही दोघांनी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून मिलिंदच्या सामानाचा केला, मराठीत. पहिले दोन रकाने मी लिहायचे आणि शेवटचा, उपायाचा, त्याने. ऑफिसातही आमची तशीच वाटणी होती. मी शंका काढणार, तो वाट काढणार. बॅटरी उतरली तर? तो लिहायचा, ‘निघताना तपासायची, जोडीदारालाही दाखवायची.’ हातमोज्यात मूठ सापडली नाही तर? ‘घरी रोज दहादा सराव.’ आणि खरंच तो हॉलमध्ये मोजे घालून सराव करायचा. एकोणीस ओळी झाल्या. शुभांगीने तो कागद फ्रिजवर लावला.

त्या एकोणीस ओळींत सामान बिघडण्याची प्रत्येक शक्यता होती. सामान नीट चालूनही माणूस जाऊ शकतो, ही शक्यता आम्हा दोघांपैकी एकालाही सुचली नाही. आमचा सगळा जन्म वस्तू का बिघडते हे शोधण्यात गेलेला.

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते लिहिते. आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी मिलिंदचा फोन आला. मी पाहुण्यांसाठी साबुदाणावडे तळत होते. “ताई, उद्या हिमलोटाच्या धोक्याची तिसरी पायरी सांगितली आहे. पाचातली तिसरी. मार्टिन म्हणतो वरचा मोठा उतार करू, मला वाटते की खालूनच परत यावं. काय करू?” माझं लक्ष कढईत. शिवाय त्याच्या अति सांभाळून वागण्याची आम्ही ऑफिसात नेहमीच फिरकी घ्यायचो. मी म्हणाले, “अरे, मग ती बॅग काय मिरवायला घेतलीस?” तो खळखळून हसला. “गेनाऊ, ताई!” असं जर्मनमध्ये ‘अगदी बरोबर’ म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच वरच्या उतारावर त्याच्या पायाखालचा बर्फ फुटला. मार्टिन सांगतो, मिलिंदने क्षणभरही दवडला नाही. मूठ ओढली, फुगे उघडले, आणि तो शेवटपर्यंत बर्फाच्या वरच राहिला. पीप-पीप करणाऱ्या यंत्राची गरज पडली नाही, कारण नारिंगी फुगे लांबूनच दिसत होते. फावडं बॅगेतून बाहेरसुद्धा निघालं नाही. उताराच्या खाली झाडं होती. तो वर राहून, सगळ्यांना दिसत, त्या झाडांवर जाऊन आदळला. मार्टिन पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. शुभांगीच्या तांदळाच्या डब्यात झाडं नव्हती... एवढी साधी गोष्ट मला कळू नये? मी ज्या कामाचा पगार घेते ते कामच माणूस कशावर तरी आदळण्याचं आहे.

नागपूरहून शुभांगीचे भाऊ आले, इथल्या आपल्या लोकांनी हॉलमध्ये बुद्धवंदना घेतली. मी स्वयंपाक केला, चहा केला, प्रेत भारतात नेण्याच्या कागदांसाठी इथल्या आम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत, खेटे घातले. सगळे म्हणायचे, ताईंनी सख्ख्या बहिणीसारखं केलं. मी ते ऐकून घ्यायचे. अंत्यसंस्कार उरकून शुभांगी परत आली, तरी मला तिच्याकडे धड बघवत नव्हतं.

मागच्या रविवारी मात्र राहवेना. तिच्या स्वयंपाकघरात उभी राहूनच मी तिला तो शुक्रवारचा फोन सांगितला. माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडतच राहिली.

“मला माहीत आहे, ताई,” ती म्हणाली. “फोन स्पीकरवर होता. मी इथंच पोळ्या करत होती.”

“आणि इतके दिवस तू काही बोलली नाहीस?”

“काय बोलू? तुम्ही बोलल्या तेव्हा मी पण हसली होती ना. मीच म्हटलं त्यांना, ताई बरोबर बोलल्या, घाबरू नका, जा.” मग मेथी तशीच सोडून तिने दोन्ही हात तोंडावर घेतले.

मला वाटलं होतं ती मला बोल लावेल. तिने लावला असता तर बरं झालं असतं. मी तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसले. तिला मी समजावू शकले नाही आणि तिनेही मला माफ केलं वगैरे काही नाही. खूप वेळाने तिने डोळे पुसले, फ्रिजवरचा तो कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि ओट्यावरची पेन्सिल दिली. “राहिलेलं लिहा,” म्हणाली.

एकोणीस ओळींखाली मी विसावी लिहिली. काय बिघडू शकतं, त्या रकान्यात ‘जायला नको तिथे जाणं’. का बिघडेल, तिथे ‘सामान आहे म्हणून’. तिने कागद वाचला आणि पुन्हा होता तिथे लावला. निघताना मी कागदाकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत उजव्या बाजूला, उपायाच्या रकान्यात, मिलिंदचं अक्षर होतं, बारीक, डावीकडे कललेलं. माझ्या ओळीसमोर काही नव्हतं. तो रकाना त्याने भरायचा असे.