बॉनेट एक, दरवाजे चार

गाडीला नीट पॉलिश करायचं तर अख्खा दिवस जातो. मालक सकाळी चावी देतो, म्हणतो, "शाम को आते हैं," आणि चहा पिऊन लगेच परत येतो. आपल्या गाडीला कोण कसा हात लावतंय हे त्याला बघायचं असतं. तो खुर्ची ओढून बसतो. तासाभरानं बघण्यासारखं काही उरत नाही, मग तो बोलायला लागतो. आमच्या दुकानात किस्से साठतात ते असे. काही गिऱ्हाइकांचे, काही आमचेच.

मी बनारसच्या ब्रह्मा घाटावरचा. आमच्या गल्लीत स्कूटर वळवायची तर मागचं चाक उचलावं लागतं, आणि मी धंदा निवडला गाड्या चमकवायचा! दुकान अर्थातच लांब, सुंदरपूरला. तिथे आम्ही दोघं. मी आणि संतोष. संतोष पक्का बनारसी, पेंटिंगच्या गॅरेजात वर्षं काढलेला. मी गिऱ्हाइकाशी बोलतो, तो गाडीशी.

आम्ही नवी पॉलिशिंग मशीन निवडत होतो, तेव्हाच्या या गोष्टी.

*

आमची जुनी मशीन रोटरी होती. म्हणजे पॅड एकाच जागी गरागरा फिरणार. ओरखडे झटपट काढते, पण तापतेही झटपट. संतोषचा तिच्यावर भारी जीव.

एका डॉक्टरसाहेबांची काळी गाडी आली होती. बॉनेटच्या कडेला संतोषचा हात क्षणभर जास्त रेंगाळला आणि रंगावरचा पारदर्शक थर जळाला. नखाएवढा डाग. डॉक्टर खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांना काही कळलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत संतोष मशीन ठेवून त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "डॉक्टर साहब, हमसे गलती हो गई. आइए, दिखाते हैं."

डॉक्टर आले, वाकले, चष्मा वर करून बराच वेळ डाग बघत राहिले.

"आप न बताते, तो मुझे पता चलता?"

"आज नहीं. बरसात के बाद चलता."

डॉक्टरांनी पेपरची घडी केली. म्हणाले, "हम किसी को ऐसी बात बताते हैं, तो पहले उसे बिठाते हैं. आगे से आप भी बिठा लिया कीजिए."

बॉनेट आम्ही रंगवून दिलं. डॉक्टर अजून आमच्याकडेच येतात. पण त्याच दिवशी संतोषनं रोटरी पुसून वरच्या फळीवर ठेवली आणि मला म्हणाला, "अब दूसरी देखो, भइया."

*

दुसरी म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन. तिचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि फिरता फिरता इकडेतिकडे बारीक हलतंही. एका जागी घासत नाही, म्हणून रंग सहसा जळत नाही. मात्र काम सावकाश होतं. घ्यावी की नाही यावर माझं मन ठरत नव्हतं. दिवसाला एक गाडी कमी होणार होती.

ते ठरवलं एका मॅडमनी. मूळच्या नागपूरच्या, इथे विद्यापीठात शिकवतात. त्यांच्या गडद निळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसत. मी विचारलं, "गाडी कोरड्या फडक्यानं पुसता का?"

"आमचे हे पुसतात. रोज सकाळी, गमछ्यानं."

मी समजावलं, की धुळीसकट कोरडं पुसलं की असंच होतं. एवढं त्यांना सांगा, पुसू नका म्हणावं.

मॅडम म्हणाल्या, "रिटायर झाल्यापासून ते सहा महिने पलंगावरून उठत नव्हते हो. हल्ली गाडी पुसायची म्हणून उठतात. खाली जातात, चार लोकांशी बोलतात, येताना कचौडी घेऊन येतात. तुम्ही असं करा, यंदा जाळी काढून द्या. पुढच्या वर्षी मी परत आणीन."

त्या गेल्यावर संतोष म्हणाला, "हर साल रोटरी लगेगी, तो रंग कितने साल बचेगा?"

एका मऊ, धुतलेल्या मायक्रोफायबर फडक्याला गमछ्यासारखी लाल किनार शिवून आम्ही मॅडमना दिलं. त्यांच्या साहेबांनी ते वापरलं नाही. गमछाच वापरतात.

*

मग लखनौहून एक डीलर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन दाखवायला आला. त्यानं आणलेली सगळ्यात मोठी मशीन एकवीसची होती. म्हणजे पॅड इकडेतिकडे हलतं ते एकवीस मिलिमीटर. सपाट बॉनेटवर तिनं असं काम केलं की मी चेकबुक काढायच्या बेतात होतो.

संतोषनं मार्करनं पॅडच्या मागच्या चकतीवर एक काळी रेघ ओढली आणि डीलरला एका जुन्या, गुबगुबीत गाडीच्या बंपरपाशी नेलं. "यहाँ चलाइए."

बंपरच्या गोलाईवर पॅड टेकलं, मशीन घरघरत राहिली, पण काळी रेघ जागच्या जागी थरथरत उभी. पॅड फिरतच नव्हतं.

डीलर ओशाळला. "दबाव पड़ा न, इसलिए. ज़्यादा दबाइए तो रूठ जाती है."

संतोष म्हणाला, "रूठने का काम हमारे यहाँ ग्राहक करता है."

डीलर सच्चा माणूस होता. हसला आणि स्वतःच म्हणाला, की बनारसमध्ये लहान गाड्या जास्त, तुम्ही पंधराची घ्या. वळणांवर ती जास्त ऐकते.

*

पंधराच्या मशीन दोन होत्या. एक भक्कम, जड. दुसरी हलकी, जराशी कमी ताकदीची. मी जडच्या बाजूनं. संतोष खांदा चोळत नुसता बघत होता.

डीलर दोन्ही बॉनेटवर चालवून दाखवत असतानाच माझी बायको मधुरा डबा घेऊन आली. बँकेत नोकरी करते, गाड्यांचं तिला काही नाही. तिनं दोन्ही मशीन उचलून बघितल्या आणि डीलरला म्हणाली, "इसको दरवाज़े पर चलाके दिखाइए."

डीलरनं जड मशीन गाडीच्या दाराला लावली. उभ्या दाराला ती दोन्ही हातांनी तोलून धरावी लागते. थोड्याच वेळात त्याचे खांदे वर चढले.

मधुरा मला मराठीत म्हणाली, "हा मघापासून बॉनेटवर दाखवतोय. गाडीला बॉनेट एक असतं, दरवाजे चार. आणि चालवणार संतोष आहे, तू नाहीस."

संतोषला मराठी येत नाही, पण आपलं नाव त्यानं ऐकलं. "भाभी क्या कह रही हैं?"

"तुझा खांदा दुखतो, ते तू मला सांगितलं नाहीस, असं म्हणतेय," मी हिंदीत सांगितलं.

तो खाली बघत म्हणाला, "पूछा ही कब था?"

हलकी घेतली.

*

मशीन आली त्या दिवशी नाना दुकान बघायला आले. नाना माझे वडील. घाटावरच्या पाठशाळेत त्यांनी आयुष्यभर वेद शिकवला. वेदाच्या आमच्या शाखेत स्वर, म्हणजे मंत्रांतले चढउतार, तोंडानं म्हणतात तसे हातानंही दाखवतात. हात वर, खाली, बाजूला. विद्यार्थी गुरुजींच्या हाताकडे बघत म्हणतात. वर्षभरापूर्वी नानांच्या उजव्या हाताला कंप सुटला, आणि त्यांनी शिकवणं बंद केलं. "मुलांना भलताच स्वर दिसतो," एवढंच म्हणाले. तेव्हापासून तो हात ते उपरण्याखाली ठेवत. आम्ही डॉक्टर केले, गोळ्या सुरू झाल्या. कंप थोडा कमी झाला, पण ते घराबाहेर पडेनात. दुकानात यायलाही मधुरानं फार मनवलं होतं.

सरावासाठी आम्ही भंगारातला एक दरवाजा भिंतीला टेकवून ठेवला होता. चकतीवर तशीच काळी रेघ ओढून संतोष त्यावर नवी मशीन चालवत होता आणि वैतागत होता. रोटरीची सवय, हात दाबला जायचा, रेघ थांबायची.

नाना खुर्चीवरून बघत होते. त्यांनी विचारलं, "ये करती क्या है?"

संतोषनं मशीन हळू करून रेघ दाखवली. "देखिए नाना, दो चाल एक साथ हैं. एक ये बड़ी वाली, गोल. और उसी में ये महीन वाली, काँपती हुई."

"काँपती है, तो काम बिगड़ता नहीं?"

"बड़ी चलती रहे, तो नहीं बिगड़ता."

नाना उठले. उपरणं खुर्चीवर ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. संतोषनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. नानांनी मशीन दाराला लावली. त्यांच्यात दाबायची ताकद नव्हतीच. रेघ फिरत राहिली. आम्ही तिघंही फक्त तिच्याकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाठशाळेत गेले. मी सोबत होतो. मुलं उठून उभी राहिली, पाया पडली, बसली. नानांनी उजवा हात उपरण्याबाहेर काढून सगळ्यांना दिसेल असा वर धरला. तो थरथरत होता.

"नीट बघून घ्या," ते म्हणाले. "हा दोन तऱ्हेनं हलेल. मोठा हलेल तो स्वर. बारीक हलेल तो माझा. तुम्ही मोठा तेवढा म्हणा."