विश्रामबागेतला डॉक्टर

लढाईवरून दादा परत आला तेव्हा त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. गोळीची जखम भरली होती, पण लष्करी इस्पितळात हात इतके महिने गळ्यात अडकवून ठेवला की खांदाच आखडला. फेटा बांधायला दोन्ही हात डोक्यावर न्यावे लागतात. पलटणीत नाईक झालेला माणूस रोज सकाळी खाली मान घालून बसायचा आणि मी त्याला फेटा बांधायचो. तेवढा वेळ तो डोळे मिटून घ्यायचा. मला ते बघवत नसे.

मी घरातला शिकलेला, शाळामास्तर. तेव्हा डॉक्टर शोधणं माझ्याकडे आलं.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी खांद्याला हात लावलाच नाही. इस्पितळाचा इंग्रजी कागद उलटसुलट केला आणि "आराम" एवढाच शब्द काढला. आराम करकरूनच तर खांद्याचं लाकूड झालं होतं. वाईच्या वैद्यबुवांनी तेल दिलं, आराम सांगितला आणि शनी कुठल्या घरात आहे ते विचारलं. ते तेल इतकं उग्र की घरची म्हैस दादाला जवळ येऊ देईना. सांगलीच्या डॉक्टरांकडे विजेची पेटी होती. त्यांनी खांद्याला तारा लावल्या, दादाचं बोट टुणकन हललं, डॉक्टर खूश. "बघा, जीव आहे." जीव आहे हे आम्हांला घरीच ठाऊक होतं, म्हणून तर सर्व्हिस मोटारीत हाडं खिळखिळी करून घेत आलो होतो. निघताना त्यांनीही आरामच सांगितला. पदव्या पाटीवर मावत नव्हत्या आणि तिघांची अक्कल मिळून एका शब्दाची. मला त्या सगळ्यांचाच तिटकारा आला.

त्यात आई तापानं अंथरुणाला खिळली. वहिनीला जात्यावर समोर बसायला कुणी उरलं नाही.

"आवं, बसा समोर," ती दादाला म्हणाली. "एकटीला वढत न्हाई."

"बायकांचं काम हाय ते."

"मग भाकरी बी बायकांनीच खायची का?"

दादा बसला. तिनं त्याचा आखडलेला हात खुंट्यावर ठेवला आणि वरून आपला हात दाबून धरला. पहिल्याच फेऱ्याला तो कळवळला. ती थांबली नाही, फक्त जातं हळू फिरवू लागली. मी काय केलं? उठून बाहेरचं दार लावून घेतलं. नाईकसाहेब दळण दळतात हे शेजाऱ्यांना कळायला नको होतं.

आई बरी झाली तरी वहिनी त्यालाच जात्यावर बसवायची. सुपात घ्यायचे जोंधळे ती आधी कोनाड्यात ठेवायची, मग फळीवर, मग माळ्याच्या कडेला. "तुमीच काढा," म्हणायची. दादा शिव्या घालायचा आणि काढायचा.

दिवाळीला त्यानं स्वतः फेटा बांधला. वाकडा झाला होता. मी सारखा करायला गेलो तर त्यानं माझा हात बाजूला केला.

गावात लोक विचारू लागले, औषध कुणाचं? मी म्हणालो, "सांगलीला विश्रामबागेत एक मोठे डॉक्टर आहेत." असा कुणी डॉक्टर नव्हता. ज्यांची मी टिंगल करत आलो, त्यांच्याच पदरात वहिनीचं यश टाकून मोकळा झालो. ती शेजारीच उभी होती. सूप उचलून आत गेली.

पुढे म्हसवडकडचा एक मेंढपाळ आमच्या ओसरीवर आला. कड्यावरून पडून त्याचा खांदा आखडला होता. माझं बोलणं कुणाकडून तरी त्याच्या कानावर गेलं होतं.

"मास्तर, दोन दीस विश्रामबागेत दारोदार इचारत फिरलो," तो म्हणाला. "डाक्टरचं घर काय गावलं न्हाई. माझंच कायतरी चुकलं आसंल. पत्ता जरा कागदावर लिवून द्या."

आणि मी खरोखरच कागद पुढे ओढला. टाक दौतीत बुडवला.

आतून वहिनी म्हणाली, "भावजी, आपल्याच घराचा पत्ता लिवा."

मग ती दारात आली आणि त्याला म्हणाली, "पाव्हणं, आत या. लय दळण पडलंय."