बाटलीला तोंड

लीड्सहून आम्ही तिघे डॉक्टर मित्र दोन कॅम्पर ट्रक घेऊन मोरोक्कोच्या वाळवंटात गेलो. पहिला ट्रक वाळूत रुतला, त्याला ओढायला गेलेला दुसराही रुतला. फोनला रेंज नव्हती आणि प्यायला एकच बाटली उरली होती. सोसाट्याचा वारा सुटलेला, तरी हे दोघे मान मागे टाकून वरूनच पीत होते. निम्मं पाणी वाळूत सांडत होतं. मी खेकसलो, "अरे, तोंड लावा ना! दिवसभर लोकांच्या रक्तात हात घालता, इथे कसलं आलंय उष्टं?" कुणी ऐकलं नाही.

ऊन चढलं. दूरवर एकही गाडी दिसेना. आमच्यातला सगळ्यात सोवळा मित्र उठला. त्यानं माझ्या हातातून बाटली घेतली आणि तोंड लावून प्यायला.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.