बाईच्या तुपाचा वक्रीभवनांक

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाला माप ओतायला लागला की मी दुधाकडे नाही, आधी त्याच्या तोंडाकडे पाहायचो. भाजीवाली हसली तरी वाटायचं, हिनं खाली सडका टमाटा घातला. बायको वैतागून म्हणायची, "तुम्हाले तर देवाचा परसादही तपासूनच लागते." अशा माणसाच्या हाती रिफ्रॅक्टोमीटर द्यायला नको होता. पण दिला.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी सहायक होतो. हे यंत्र आलं तेव्हा त्याची पेटी उघडायला मीच होतो, आणि पुढं त्याची किल्लीही माझ्याच खिशात राहिली. प्रकाश हवेतून दुसऱ्या पदार्थात शिरला की वाकतो. किती वाकतो, हे त्या त्या पदार्थाचं ठरलेलं असतं, आणि त्या आकड्याला आम्ही वक्रीभवनांक म्हणायचो. पाण्याचा वेगळा, जवसाच्या तेलाचा वेगळा, तुपाचा वेगळा. यंत्रातल्या दोन लोलकांच्या मध्ये एक थेंब सोडायचा, लोलक मिटायचे आणि वरच्या नळीला डोळा लावायचा. आतल्या गोलात अर्धा भाग काळा दिसतो, अर्धा उजेडाचा. बाजूची कळ फिरवून त्या दोघांमधली रेघ बरोबर फुलीवर आणायची आणि आकडा वाचायचा, दशांशापुढे चार घरांपर्यंत.

पोरांना शिकवायला ग्लिसरीन आणि पाणी पुरेसं होतं. मला कुठलं पुरतंय! मी बाजारातली तेलं आणायला लागलो. एका दुकानातल्या जवसाच्या तेलाचा आकडा भलताच निघाला, तसा मी थेट दुकानात जाऊन उभा राहिलो. दुकानदारानं आधी आवाज चढवला, मग मी दशांशापुढची चार घरं म्हणून दाखवली तसा तो नरमला. "मास्तर, घ्या ना दुसरं, कायले बोंबलून राहिले," म्हणत त्यानं आतल्या खोलीतून दुसरा डबा काढून दिला. मग काय, मी वारं प्यायलेलं वासरूच झालो. गल्लीतल्या बाया मला पाहून तेलाच्या बाटल्या पदराआड धरायच्या. त्याचाही मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

आता बाईचं सांगतो. थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. माझी आई मी लहान असतानाच गेली, आणि मला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते बाईनं. ती आंधळगावला दिलेली. तिच्याकडे धानाची शेती आणि एक म्हैस. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या पोटाची काळजी तिनं सोडली नव्हती. तिच्याकडे जेवायला बसलं की भातावर तूप पडायचं ते न विचारता. "बस" म्हणून हात आडवा केला तर हातावर ओतायची. "वाढू काय" हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

माझ्या बायकोला दिवस गेले तेव्हा प्रश्न पडला, कारण तिलाही आई नव्हती. बाळंतपण आमच्याच घरी करायचं ठरलं. बाई म्हणाली, "तूप माह्याकडचं. बाजारातला एक थेंब तिच्या तोंडाले नाही लागू देजो." पोरगी झाली, आणि बाईनं खरंच पितळी डबा भरभरून तूप पाठवायला सुरुवात केली. भाटवे, म्हणजे तिचे यजमान, एसटीनं यायचे, डबा ठेवायचे, रिकामा घेऊन जायचे.

तिसऱ्या डब्याचं तूप मला वेगळं वाटलं. थंडीचे दिवस होते, तूप थिजणारच; पण हे इतकं घट्ट की चमचा वाकला. आमच्याकडचं तूप रवाळ, मऊ असायचं. वनस्पती तूप मात्र असं दगडासारखं बसतं. मी डबा नाकाशी नेला, चव घेतली, उजेडात धरला. वास तर चांगला होता. पण वासाचं काय, तो थोड्या चांगल्या तुपानंही येतो! बायको बाजेवरून पाहत होती. "बाईचं तूप हाये ते," ती म्हणाली. मी डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी एका लहान बाटलीत चमचाभर तूप घेऊन कॉलेजात गेलो.

तुपाचं माप चाळीस अंशावर घ्यायचं असतं. म्हणून गरम पाणी यंत्रातून फिरवत ठेवलं, थर्मामीटर चाळिसावर थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि थेंब सोडला. पुस्तकातल्या तक्त्यात शुद्ध तुपाचा जो आकडा दिला होता, त्याच्या वर निघाला. फार नाही, दशांशापुढच्या तिसऱ्या घरात जरासा. पण वनस्पती मिसळलं की आकडा सरकतो तो याच बाजूला. लोलक स्पिरिटनं पुसून पुन्हा घेतला. तोच. शुद्ध पाण्याचा आकडा घेऊन यंत्र तपासलं, ते बरोबर होतं. मी यंत्रावर संशय घेतला, थर्मामीटरवर घेतला, बाटली धुणाऱ्या शिपायावर घेतला, स्वतःच्या डोळ्यावरही घेतला. पुस्तकातल्या तक्त्यावर तेवढा घेतला नाही.

बाई असं करणार नाही, हे मला ठाऊक होतं. मग कोण? सासू? भाटवे वाटेत? की बाईच, एवढे डबे पुरवता पुरवता नाकी नऊ आले म्हणून? एकदा हा किडा डोक्यात शिरला की निघत नाही. रविवारी मी मोहाडीवरून जाणारी एसटी धरली आणि न कळवता आंधळगावला जाऊन थडकलो.

बाईला कोण आनंद! "कसा काय आला गा, अचानक? पोरगी बरी हाये ना?" ती चहाला लागली आणि माझे डोळे तिच्या फळ्यांवरून फिरायला लागले. डबे, मडकी, लोणच्याची बरणी. वनस्पतीचा डबा कुठं दिसेना. मग ती गोठ्याकडे गेली तर मीही मागं गेलो. एका कोपऱ्यात, तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाआड, बारदान्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. मी तिकडं वळलो तशी ती चटकन मध्ये आली आणि बारदाना आणखी पुढं ओढला.

"काय हाये तिथं?"

"काही नाही गा, ढोराचं हाये." आणि घराकडे पाहून हळूच म्हणाली, "सासूपाशी बोलू नको मात्र."

ढोराचं असेल तर झाकायचं कशाला? आणि सासूपासून लपवायचं कशाला? मी मनात निकाल देऊन टाकला. जेवताना तिनं नेहमीसारखी तुपाची धार धरली. मी भात नुसता चिवडला. "पोट बरं नाही," म्हणालो. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

बारसं सव्वा महिन्यानं करायचं ठरलं होतं, ते पुढच्या आठवड्यात होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं. बाई नणंदेला घेऊन सकाळच्या एसटीनं आली, एका हातात झबलं-टोपडं, दुसऱ्या हातात नवा भरलेला डबा. आल्या आल्या ती चुलीपाशी गेली आणि बायकोच्या ताटातल्या गरम भातावर तूप वाढायला वाकली. मी तिथंच, चार बायकांच्या देखत म्हणालो, "ते तूप तिले नको देऊ."

"काहून?"

"मागच्या डब्यातलं मी तपासलं. शुद्ध नाही आलं."

 बाईला आधी कळलंच नाही. मग कळलं तसा तिचा चेहरा उतरला. "अरे बाप्पा," ती म्हणाली, "घरच्या म्हशीचं हाये. मी सोता कढवलं. एका थेंबाची मिलावट नाही त्यात."

"मशीन खोटं बोलत नाही, बाई."

"अन् मी बोलतो काय?"

मला तेव्हाही गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, "मग गोठ्यात काय झाकलं होतं, ते सांग." तिनं आजूबाजूला पाहिलं. तिची नणंद तिथंच बसली होती. बाई काही बोलली नाही. मला वाटलं, पकडली! देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मला आनंदच झाला होता. आज त्याची लाज वाटते.

पाळण्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. बाईनं तो टाळला नाही. ती पाळण्याशी वाकली, पोरीच्या कानात नाव सांगितलं. नाव सांगताना बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हसतात, ओरडतात. त्या दिवशी बाईच्या पाठीवर एकाही बाईचा हात पडला नाही. नाव ठेवून झालं, तिनं पोरीच्या कपाळाचं चुंबन घेतलं, तुपाचा डबा उचलला आणि दुपारच्या एसटीनं निघून गेली. आमच्या घरात तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती एवढंच, "मायच्या जागी होती ती मले."

तुपाची बाटली मात्र मी प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवली होती. पुरावा म्हणून! उन्हाळा लागता लागता रसायनशास्त्राचे एक नवीन प्राध्यापक आले, वर्ध्याकडचे, कापसाच्या मुलखातले. यंत्र पाहायला आले तेव्हा मी फुशारकीनं सगळी हकिगत सांगितली, सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही म्हणून. ते हसले नाहीत. त्यांनी बाटली नेली. वनस्पती तुपात कायद्यानं तिळाचं तेल घालावं लागतं, आणि ठरावीक रसायनं टाकून हलवलं की तिळाचं तेल गुलाबी रंग देतं. बाईच्या तुपाला गुलाबी छटासुद्धा आली नाही. मला वाटलं, यांनी नळी नीट धुतली नसेल. दुसऱ्यांदा माझ्या देखत केलं. तरी नाही.

"म्हैस काय खाते?" त्यांनी विचारलं.

"तणस, कोंडा. धानाच्या मुलखात आणखी काय खाणार?"

"सरकी नाही खात? आमच्याकडं सरकीवर पोसलेल्या म्हशीचं तूप असंच येतं. घट्ट, आणि आकडा वरचा. तक्त्याखालची टीप वाचली नाही का तुम्ही?"

मी पुस्तक उघडलं. तक्त्याखाली बारीक अक्षरांत टीप होती, कापसाच्या भागात ढोरं कापसाचं बी, म्हणजे सरकी, खातात, तिथल्या तुपासाठी हे आकडे धरू नयेत म्हणून. वर्षभर ते पान माझ्या हाताखाली होतं. मला गोठ्यातला तो बारदाना आठवला. प्राध्यापक आणखी काहीतरी सांगत होते, मला ऐकू येत नव्हतं.

त्याच रविवारी आंधळगावला गेलो. सासू शेजारी गेली होती. बाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून उठली, पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला. "पिशील, का हे बी तपासाचं हाये?" म्हणाली. मी पाणी प्यालो आणि विचारलं, "बाई, त्या बारदान्याखाली सरकी होती ना?"

तिनं तांदळातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाली, "होती. तुह्या भाटव्यानं वर्ध्याकडच्या ट्रकवाल्याकडून आणवली. सरकी खाल्ली का तूप कसदार होते म्हणतेत. तुही बायको बिनमायची, अंगावर पाजणारी. सासूले सांगितलं असतं तर म्हटली असती, माहेरच्या बाळंतिणीसाठी म्हशीले सरकी चारून राहिली. बारशाले नणंद होती बसून, कसं बोलाव मी?"

म्हणजे ज्या आकड्यावरून मी तिला खोटी ठरवलं, तो आकडा तिच्या मायेनंच वर चढला होता. मी तिचे पाय धरले. रडलो, खरंच रडलो. नवीन प्राध्यापकांनी काय केलं, गुलाबी रंग कसा आला नाही, टीप कशी राहिली, सगळं भडाभडा सांगितलं. "तू खरी होती बाई," म्हणालो. "तुझं तूप शुद्ध होतं."

तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"म्हणजे त्या नव्या मास्तरानं सांगितलं म्हून मी खरी," ती म्हणाली. "मी सांगितलं तवा नाही."

 तेच खरं होतं. प्राध्यापक आले नसते तर मी त्या ओसरीवर गेलोच नसतो.

"चाल, जेव," म्हणाली. मी हातपाय धुऊन बसलो. तिनं गरम भात वाढला, वरण वाढलं, लोणचं वाढलं. मग तुपाची वाटी घेऊन आली, माझ्या ताटाशी वाकली आणि थांबली.

"वाढू काय?" तिनं विचारलं.

मी "वाढ" म्हणालो. तिनं एक चमचा वाढला आणि वाटी बाजूला ठेवली.

पुढं ती आमच्याकडे येत राहिली, पोरीचे लाड केले, दर भाऊबीजेला मला ओवाळलं. कोणी म्हणणार नाही की भावाबहिणीत काही झालं होतं. पण आंधळगावला तिच्या घरी जेवायला बसलो की ती अजून तुपाची वाटी घेऊन ताटाशी थांबते, आणि मी हो म्हणेपर्यंत वाढत नाही.