बाटलीतली लाळ

मास्तरकीत पैसा मिळत नाही, किस्से मात्र पोत्यानं मिळतात! आमच्या लोणावळ्याच्या शाळेतले निम्मे किस्से एकट्या दातांच्या डॉक्टरसाहेबांनी पुरवले. साहेब मुंबईचे, हवा मानवते म्हणून मुक्काम तुंगार्लीच्या बंगल्यात. लाळेत चुना आणि बाकीचे क्षार भरपूर असले की वाढत्या वयात दात टिकतात, म्हणे. असेल बुवा! पण या गृहस्थांनी पोरांच्या तोंडात डोकवायचंच सोडलं. नुसती बाटलीतली लाळ तपासायची आणि निकाल द्यायचा.

*

पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी हुकूम सोडला, "थुंका!"

याच हेडमास्तरांनी व्हरांड्यात पाटी लावलेली: 'थुंकणाऱ्यास छड्या मिळतील.' पोरांची तोंडं भीतीनं कोरडी! शेवटी एकानं धीर केला. ड्रिलमास्तरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी मागून येऊन त्याला दोन सणसणीत ओढल्या!

*

सगळ्यात जास्त चुना निघाला थोराड बाळ्याच्या लाळेत. साहेब हरखले. भर सभेत त्याला टेबलावर उभा केला.

"सांग बाळ, तू असं काय खातोस?"

"तंबाखू, सर. चुना जरा जास्तच लागतो मला."

साहेबांनी टाळ्या आधीच वाजवून ठेवल्या होत्या.

*

मग हेडमास्तरांना हौस आली. पोरांच्या बाटल्यांत त्यांनी आपलीही सरकवली. निकाल आला, "या मुलाचे सगळे दात लवकरच पडतील."

हेडमास्तरांच्या तोंडात कवळी! तरी मला कोपऱ्यात घेऊन विचारतात, "मास्तर, कवळीला धोका नाही ना?"

अशा माणसाच्या हाताखाली मी उमेदीची वर्षं घालवली!

*

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण मग भाजे गावच्या गंग्याची पाळी आली. चौदा वर्षांचं पोर, दात मक्याच्या कणसासारखे. लाळ मात्र नापास!

"क्षारच नाहीत. पुढचे चार दात काढून टाकू, म्हणजे कीड पसरणार नाही."

कीड होती कुठे? मी तोंड उघडलं, तर हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही भूगोल शिकवा!" अस्सा संताप आला!

गंग्या रडकुंडीला आला. दात गेले की शिट्टी गेली, आणि त्याचा पवळ्या बैल त्या शिट्टीशिवाय जागचा हलत नसे.

दुसऱ्या दिवशी गंग्याची मावशी पवळ्याला गाडीला जुंपून शाळेत हजर. बाई खमकी.

"पुन्यांदा तपासा. माजा इस्वास न्हाई."

"मग बाटली भरून आणा," साहेब गुरकावले.

मावशी बाटली घेऊन बाहेर गाडीपाशी गेली. गंग्या माझ्याजवळ भिंतीशी उभा होता. साहेबांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मावशी परतली ती काठोकाठ भरलेली बाटली आणि कोपरापर्यंत ओला हात घेऊन.

साहेबांनी तपासलं आणि उडालेच! "अशी लाळ उभ्या जन्मात पाहिली नाही! याच्या दातांना कुणी हात लावायचा नाही. काय खायला घालता हो?"

"पेंड, सायेब. चालू ठिवू न्हवं?"

"अवश्य! दोन्ही वेळा! आणि हेडमास्तर, तुम्हीसुद्धा आजपासून सुरू करा!"