मायनरचे पाणी

गेल्या जुलैत, महाविद्यालय बदलण्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, माझ्या साडभावांनी अमरावतीतल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात खिडकीपलीकडच्या बाईंना विद्यापीठाचे नवे धोरण कालवा काढून समजावून सांगितले. कालवा एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढला होता. बाईंनी ते धोरण वाचलेले होते. साडभावांनीही वाचलेले होते, आणि सगळी अडचण तिथेच होती. मुख्य विषयाची मेजर, जोडविषयाची मायनर, ग्रेड, क्रेडिट आणि एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाताना त्या क्रेडिटचे काय होते, या विषयांत अकोट आणि अमरावतीच्या दरम्यान आपल्यापेक्षा जास्त कोणाला कळत नाही, अशी त्यांची खात्री आहे. दुर्दैव असे की निम्म्या अकोटचीही त्यांच्याबद्दल तीच खात्री आहे. न वाचता बोलणारी माणसे माझ्या वर्तमानपत्राच्या धंद्यात रोज भेटतात आणि त्यांचा त्रास होत नाही. सगळे वाचून, खुणा करून, शांतपणे चुकणाऱ्या माणसाशी मात्र काय करायचे हे मला अजून कळलेले नाही.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. घरचा भाजीचा मळा भावाकडे, आणि हे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक. सायकलवर, मग मोटारसायकलवर, कालव्याच्या कडेकडेने फिरून कोणत्या शेतात पाणी पोचले आणि कोणत्या नाही हे पाहण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाले त्याच वर्षी विद्यापीठाने नवे धोरण आणले आणि त्यांची एकुलती मुलगी, म्हणजे माझी भाची, अकोल्याला बी.एस्सी.ला गेली. पहिल्याच परिपत्रकात त्यांना ‘मायनर’ हा शब्द दिसला. आमच्याकडे मुख्य कालव्यातून फुटणाऱ्या लहान कालव्याला मायनर म्हणतात. शेतकरीही म्हणतात, खातेही म्हणते. साडभावांना वाटले, ही तर आपलीच खात्याची भाषा. तिथून पुढे त्यांनी कोणाचे ऐकले नाही.

त्यांची मांडणी अशी. मेजर म्हणजे मुख्य कालवा, तो पदवीपर्यंत सरळ जातो. मायनर म्हणजे त्याला फुटलेली वाट. क्रेडिट म्हणजे शेतात पोचलेले पाणी, म्हणजे मोजले गेलेले, सोडलेले नव्हे. क्रेडिटची बँक म्हणजे धरण. अकोल्यात साठवा, अमरावतीत काढा. नापास विषय म्हणजे शेतात पाणी नेणारी, फुटलेली चारी, दुरुस्ती करून पुढच्या हंगामात पुन्हा पाणी. मी हे आमच्या शिक्षणाच्या बातमीदाराला सांगितले तेव्हा तो म्हणाला की त्याने इतके सोपे स्पष्टीकरण कुठल्याही पत्रकार परिषदेत ऐकले नाही. मला राग याचाच येतो. साडभावांचे म्हणणे बरेच अंतर बरोबर जाते, आणि माणूस विश्वासाने मागे निघाला की वळणावर चुकते.

परिपत्रक निघाले की ते झेरॉक्सच्या दुकानात जाऊन छापून घेतात आणि स्पायरल बांधून आणतात. मग लाल पेनाने वाचतात. आमच्या पेपरात त्याच परिपत्रकाची बातमी आली की सकाळी फोन. “साडभाऊ, तुमच्या मानसानं ‘विषय बदलता येणार’ असं छापलं. परिपत्रकात ‘जागा असल्यास’ आहे. ते कावून खाल्लं?” ते बरोबर असतात. मी शुद्धिपत्र छापतो. त्या शुद्धिपत्राचे कात्रण ते लग्नकार्यात खिशात बाळगतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पोराला लोक कितवीत आहेस म्हणून विचारतात, साडभाऊ विचारतात, “क्रेडिट कितीक झाले?” पोरगा सातवीत असला तरी विचारतात. मग पत्रिका उलटी होते, पेन निघतो, आणि वाढप्याला त्या कालव्याला वळसा घालून वरण वाढावे लागते. तेल्हाऱ्याच्या एका वरपित्याने यांच्या सांगण्यावरून धाकट्या मुलाची अर्थशास्त्राची मायनर रद्द करून इतिहासाची घेतली होती, का, तर अर्थशास्त्राच्या तासिका दुपारनंतर होत्या आणि दुपारचे पाणी उडून जाते. हे मी त्या वरपित्याकडून स्वतः पडताळून घेतले आहे.

ग्रेडची गोष्ट तर घरात सगळ्यांना पाठ आहे. भाचीचा पहिल्या सत्राचा निकाल लागला. वनस्पतिशास्त्र मेजर, संख्याशास्त्र मायनर. संख्याशास्त्रापुढे इंग्रजी ओ होता, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी. साडभावांचा मला कार्यालयात फोन आला की पोरीला शून्य दिले आहे, उत्तरपत्रिकेची प्रत मागवायची आहे, आणि पेपरात छापून आले तर बरे. भाचीने मागून ओरडून सांगितले की ते शून्य नाही. साडभाऊ म्हणाले, “जिंदगीभर कालव्यावरचा पान्याचा गेज वाचला मी. मले शून्य वळखू येते.” शेवटी मी परिपत्रकाचे पान काढायला लावले. ते त्यांच्याच स्पायरलमध्ये होते, लाल खूण केलेले. त्यांनी ते वाचले आणि विद्यापीठाला एक सूचना पाठवली की सर्वोत्तम श्रेणीसाठी शून्यासारखे दिसणारे अक्षर वापरू नये. उत्तर आलेले नाही. भाचीचे अभिनंदन करायचे मात्र त्या गडबडीत राहून गेले, हे माझ्या बायकोने नंतर लक्षात आणून दिले.

मुलीचा ओढा संख्याशास्त्राकडे होता. वनस्पतिशास्त्राच्या वहीत तिने पानांच्या आकृत्यांखाली त्यांच्या लांबीची सरासरी काढून ठेवलेली मी पाहिली आहे. नव्या धोरणात पहिल्या वर्षाच्या शेवटी मेजर आणि मायनर यांची अदलाबदल करता येते, जागा असल्यास. तिने तसे बाबांना एकदा सुचवले होते. ते कलम साडभावांच्या स्पायरलमध्येही होते, आणि त्यांनी समासात लिहिले होते: छपाईची चूक. तपासावे. कारण उघड होते. मुख्य कालव्यातून मायनरमध्ये पाणी येते. मायनरमधून मुख्य कालव्यात जात नाही. असे कलम कोणताही शहाणा माणूस लिहिणार नाही, तेव्हा ते चुकून छापले गेले. मुलीने पुन्हा विषय काढला नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात अकोल्याची सोय मोडली. भाची तिथे आत्याकडे राहत होती. आत्या मुलाकडे पुण्याला गेल्या. अकोटहून रोज एसटीने अकोला करणे तिने महिनाभर करून पाहिले आणि सकाळची प्रात्यक्षिके बुडू लागली. अमरावतीला आम्ही होतो. विद्यापीठ तेच, महाविद्यालय फक्त दुसरे, तेव्हा सोपे जाईल असे मला वाटले. दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला तर ठीक, नाही तर एक वर्ष घरी. ते वर्ष ती घरी काढणार नव्हती. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात तिची मैत्रीण लागली होती, तिथे आपणही लागू, असे ती तिच्या मावशीला, म्हणजे माझ्या बायकोला, भांडी पुसताना म्हणाली होती. अशी कामाला लागून पुन्हा वर्गात आलेली मुलगी माझ्या माहितीत नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी साडभाऊ सकाळच्या गाडीने आले. एका हातात स्पायरल, दुसऱ्या हातात मळ्यातल्या वांग्यांची पिशवी. मी, ते आणि भाची खिडकीशी उभे राहिलो. बाईंनी आधी वांगी परत केली, मग कागद पाहिले. त्या म्हणाल्या की दुसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्राच्या जागा भरल्या आहेत. संख्याशास्त्राच्या रिकाम्या आहेत. मुलीची मायनर संख्याशास्त्र आहे, श्रेणी उत्तम आहे. तिलाच मेजर करा, वनस्पतिशास्त्र मायनर होईल, अकोल्याचे सगळे क्रेडिट धरले जातील आणि वर्ष वाया जाणार नाही. पालकांची सही लागेल, चार वाजता खिडकी बंद.

मला वाटले, सुटलो. भाचीने ओढणीच्या टोकाची गाठ सोडली.

साडभावांनी पत्रिका काढली. त्यांनी बाईंना मुख्य कालवा दाखवला, मायनर दाखवली, उतार दाखवला. बाईंनी कलम दाखवले. साडभावांनी समासातली आपली टीप दाखवली. मागची रांग वाढली. कोणीतरी म्हणाले की काकाले बसाले खुर्ची द्या, म्हणजे तोंड दुखलं तरी पाय दुखनार नाहीत. बाई जेवायला गेल्या, जेवून आल्या, आणि साडभाऊ तिथेच होते. मी त्यांना बाजूला घेऊन, आवाज शक्य तितका खाली ठेवून सांगितले की हे धोरण आहे, कालवा नाही. छापले आहे, सही शिक्क्याचे आहे, आणि मुदत आज आहे. त्यांच्या बोलण्यातला जोर गेला होता.

“साडभाऊ, कागदावर शेवटच्या शेतालेही पानी असते,” ते म्हणाले. “मी कागद घेऊन जाओ अन् वावरात भेगा. उद्या हे कलम हटवलं तर माही पोरगी ना मेजरमधी, ना मायनरमधी. मंग कोनाले विचारू? तुमाले?”

कलमे हटतात. मी त्या बातम्या छापल्या आहेत.

भाची तोवर भिंतीशी उभी होती. ती आमच्यामध्ये आली. तिने बाबांच्या हातातली पत्रिका घेतली, घडी केली आणि त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“बाबा, पानी उतारानं जाते, हे मले मालूम हाये,” ती म्हणाली. “पन मी पानी नोय.”

साडभावांनी पेनाचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. मग त्यांनी खिडकीशी जाऊन बाईंना विचारले की सही कुठे करायची. बाईंनी बोट ठेवले. त्यांनी सही केली आणि सवयीने सहीखाली ‘कालवा निरीक्षक’ लिहिले. मग ‘से.नि.’ जोडले. बाईंनी ते तसेच ठेवले.

संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. अकोटची गाडी लागायची होती. साडभाऊ स्पायरल मांडीवर घेऊन बाकावर बसले. त्यांनी विचारले की तिला वनस्पतिशास्त्र आवडत नव्हते हे मला माहीत होते काय. मी म्हटले, तिच्या मावशीला माहीत होते. ते म्हणाले, “मले कावून नाई सांगितलं?” या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या खिशात घडी करून होते. तेवढ्यात गाडी लागली, आणि त्यांनी खिडकीची जागा धरली.

भाची आता आमच्याकडे राहते. दर रविवारी साडभावांचा फोन येतो. ती जेवते का, झोपते का, तिला घरची आठवण येते का, यातले ते काही विचारत नाहीत. ते विचारतात, “हजेरी कितीक टक्के हाये?” मी आकडा सांगतो. ते फोन ठेवतात. एका रविवारी भाची बाहेर गेली होती आणि मी हजेरीचा आकडा सांगितला, तरी त्यांनी फोन ठेवला नाही. मग विचारले, “मांगच्या खेपी आवाज बसला होता तिचा. बरा झाला काय?” बरा झाला होता. अकोटातून आलेल्या पाहुण्यांकडून असेही कळले की साडभाऊ अलीकडे पंगतीत गप्प जेवतात, आणि कोणी क्रेडिटचे विचारले तर पोरीला विचारा म्हणतात. याला दोन बाजूंनी दुजोरा मिळाला.

डिसेंबरात तेल्हाऱ्याला नात्यातले लग्न होते. जेवणे झाल्यावर मंडपाच्या कडेला एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन साडभावांसमोर बसलेले दिसले. मुलीची मायनर भूगोल होती आणि तिला ती मेजर करायची होती. होते का, असे ते विचारत होते. साडभावांनी पत्रिका मागितली आणि उलटी केली. मुख्य कालवा काढला. त्याला फुटलेली मायनर काढली. मायनरच्या टोकाशी एक लहानसा चौकोन काढला आणि तिथून एक बाण उलटा, चढावर, मुख्य कालव्यात नेला. त्या गृहस्थांनी चौकोन काय आहे असे विचारले. साडभाऊ म्हणाले, “मोटर.” मग त्यांनी मुलीकडे पाहिले आणि बाणाशेजारी, खात्यातल्या वळणदार अक्षरात, एक शब्द लिहिला: उपसा.